बाहेर थांबणारा

पवण्याच्या प्लॉटमध्ये, रिअ‍ॅक्टर नंबर चारच्या तोंडाशी
माझी ड्युटी आहे : आत न जाणं.
परमिटवर तसं छापलेलं असतं, माझ्या नावापुढे,
देवराम कमळ्या घरत, अटेंडंट.
खाली तीन सह्यांची जागा.
मी, सेफ्टीच्या तांडेल मॅडम,
आणि साहेब, जे सही आधी करतात
आणि टाकी नंतर बघतात. बघितली तर.

आत लखिंदर. ठेकेदाराचा.
हार्नेसचे पट्टे मी स्वतः ओढून बघितले,
मांडीपाशी दोन बोटं जातील एवढीच ढील.
तो हसला, गुदगुल्या होतात म्हणाला.
ढवळणीच्या मोटारीला माझं कुलूप.
चावी एकच, माझ्या खिशात,
बसलो की मांडीला टोचते.
टोचू दे. टोचतेय तोवर मोटार बंद आहे.

दोर : एक हिसका, ठीक. दोन, ढील दे. तीन, ओढ.
एवढीच आमची भाषा.
त्याची भोजपुरी, माझी आगरी,
दोन्ही मॅनहोलबाहेर काढून ठेवलेल्या, चपलांसारख्या.

इथून थोडं पलीकडे, खाडीच्या अंगाला,
आजोबांची खाचरं होती.
अवसेच्या उधाणाला ते उघाडीपाशी बसत,
कंदील, तंबाखू, आणि हाळी द्यायला गळा.
बांधाला खांड पडली तरी एकट्यानं उतरत नसत.
‘पानी बगाचा, पान्यान उतराचा नाय.’
मला वाटायचं, म्हातारा भित्रा आहे.

मग रबाळ्याचा तो खड्डा.
विष्णू गाळ काढायला उतरला आणि पडला.
त्याला काढायला त्याचा साडू.
साडूला काढायला वॉचमन.
तिघांचे डबे रॅकवर तसेच राहिले,
तिसऱ्या दिवशी वास आला तेव्हा उघडले.
एकात भेंडी होती.

अकरा दहा.
मी एक हिसका दिला. उत्तर नाही.
पुन्हा दिला.
दोर नुसता जड,
ओल्या गोणीला बांधल्यासारखा.

माझा पाय आत गेला होता.
उजवा. गुडघ्यापर्यंत.
हे रजिस्टरमध्ये नाही, इथेच सांगतो.
मग चावी टोचली, की भेंडी आठवली,
की म्हाताऱ्यानं मागून बखोट धरलं,
कोण जाणे. पाय बाहेर काढला.
शिटी मारली आणि हँडल फिरवायला लागलो.
बावन्न फेरे. मोजत होतो,
मोजलं नसतं तर रडलो असतो.

वर आला तेव्हा ओठ जांभळे, राखेचा रंग.
मॅडमनी मास्क लावला.
खोकला, ओकला, डोळे उघडले,
आणि पहिलं वाक्य :
‘हेल्मेट नीचे रह गया, पैसा काटेगा.’

नायट्रोजनची एक जुनी लाइन निघाली,
कुठल्याच नकाशात नसलेली, हळूहळू पाझरणारी.
बाकी सगळ्या लाइनींना ब्लाइंड मारली होती.
सकाळी मीटर मी तळाशी, मध्ये, तोंडाशी, तिन्हीकडे धरला.
त्यानंतर दर अर्ध्या तासानं
फक्त तोंडाशी.
वीस पॉइंट नऊ, वीस पॉइंट नऊ.
तळाला काय होतं ते लखिंदरची छाती सांगत होती,
आणि मी वरची हवा लिहीत होतो.
फॉर्ममध्ये रकाना एकच आहे, हे खरं.
पण दोरी लांब होती, मीटर खाली जात होता,
हेही खरं.

गेटवर बोर्ड आहे : अपघाताविना ४११ दिवस.
साहेब म्हणाले, घरत, आला ना वर?
मग घडलं काय?
तांडेल मॅडम काही बोलल्या नाहीत,
रजिस्टर माझ्याकडे सरकवलं
आणि स्वतःचं पेन दिलं.

मी लिहिलं : वेळ अकरा दहा. नायट्रोजन.
लाइन नकाशात नाही. मीटर वरच धरला.
चूक माझी सुद्धा.

साहेबांचं बोट ओळीवरून सरकत आलं
आणि ‘सुद्धा’वर थांबलं.
बराच वेळ थांबलं.

हेल्मेट अजून आत आहे. पिवळं.
टॉर्च मारला की दिसतं.
दोनदा निरोप आला, चावी पाठव म्हणून.
ती लाइन कापून होईपर्यंत
मी इथेच बसलोय.
मांडीला टोचतेय.